माणूस झोपवायचा, नसा नाही

सकाळी ६.४०

आज लिस्टवर एकच केस आहे. महापालिकेच्या रुग्णालयात न्यूरोसर्जरीच्या ओटीला एकच केस लागली की बाकीचे विभाग म्हणतात, भूलवाल्यांची आज मजा आहे. म्हणोत बापडे. एकच केस याचा अर्थ दिवसभर एकच माणूस पालथा, आणि त्याच्या मणक्यात अशी गाठ की जिच्या अंगावरून पायाच्या नसा गेल्यात.

पेशंट एसटीचा कंडक्टर, वय ४६. खाटेवर पाय खाली सोडून बसलाय. गेलं दीड वर्ष तो असाच, पाठीशी उशा लावून झोपतो. आडवं झालं की कंबरेतून डाव्या मांडीत कळ जाते. दिवसा गाडीत उभा असला की त्यातल्या त्यात बरं. सरकलेल्या चकतीचं दुखणं सहसा उलट वागतं, पडून राहिलं की उतरतं. पण कंडक्टर म्हटल्यावर सगळ्यांनी खडखडणाऱ्या गाडीला दोष दिला. पट्टा झाला, शेक झाला, मालिश झालं. 'बसलं की बरं, झोपलं की वाईट' या एका वाक्यावर थांबून एमआरआय लिहून दिला तो तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने. त्या मुलाला भेटायची माझी फार इच्छा आहे.

"मॅडम, घोटभर पाणी चालेल?"

खाटेवर पाटी आहे : रात्री बारापासून उपाशी. साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हा नियम कधीचा पुस्तकात आलाय, वॉर्डात अजून यायचाय. भूल नऊच्या आधी नाही, म्हणून मीच त्याला अर्धा पेला दिला. मग त्याने खरा प्रश्न विचारला.

"पाय राहतील ना?"

राहतीलच, असं मी कुणाला सांगत नाही. सांगितलं ते एवढंच, की तुम्ही झोपलेले असताना आम्ही मिनिटामिनिटाला तुमच्या पायांना विचारत राहणार, आणि पाय उत्तर देत राहतील अशी झोप देणं हे माझं काम.

सकाळी ७.३०

पडद्यावर एमआरआय. बारावा पाठीचा मणका आणि पहिला कंबरेचा मणका यांच्या पातळीवर, मज्जारज्जू संपायच्या ठिकाणी, साडेतीन सेंटिमीटरची गाठ. गॅडोलिनियम दिल्यावर लख्ख उजळलेली. मज्जारज्जू उजवीकडे ढकलला गेलाय. आमच्या सर्जन सरांना चित्र दाखवून रेसिडेंटना छळायची सवय आहे.

"ही कुठून उगवली?"

"नसेच्या वेष्टनातून, सर. श्वानोमा."

"कुठल्या मुळातून?"

"मागच्या. संवेदनेच्या."

उत्तर बरोबर. या गाठी बहुतेक वेळा संवेदना नेणाऱ्या मागच्या मुळावर वाढतात आणि शस्त्रक्रियेची सगळी आशा याच गोष्टीवर टेकलेली असते. श्वानोमा वाढताना नसेचे तंतू बाजूला सारत वाढतो, त्यामुळे गाठ सोडवून काढता येते. न्यूरोफायब्रोमा नसेच्या आत वाढतो, तंतू त्याच्या पोटातूनच जातात, तिथे गाठ आणि नस वेगळी करणं अवघड. काही गाठी मणक्याच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडून डंबेलसारख्या दोन्हीकडे फुगतात. मग हाड जास्त काढावं लागतं आणि मणका खिळखिळा होऊ नये म्हणून स्क्रू घालायची वेळ येते. आजची गाठ सुदैवाने आतच आहे.

कंडक्टरच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग नाहीत, कातडीखाली गाठी नाहीत, दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं. हे तपासावंच लागतं, कारण आनुवंशिक दोष असेल तर गाठ एकटी नसते. गाठ लहान असती आणि त्रास देत नसती तर दरवर्षी एमआरआय काढत थांबलो असतो. ही त्रास देतेय, डाव्या गुडघ्याचा जोर कमी झालाय आणि महिन्याभरात लघवीला जोर करावा लागतोय. लघवीचं ऐकल्यावर कुणी थांबत नाही.

सकाळी ८.१०

माझी तयारी. एरवी भूल म्हणजे नळीतून वायू, वर स्नायू सैल करणारं औषध, आणि दिवसभर माणूस निपचित. आज हे दोन्ही चालत नाही. वायूची भूल वाढवत नेली की मेंदूकडून पायाच्या स्नायूंकडे जाणारे विजेचे संदेश विझत जातात. स्नायू सैल केले तर संदेश पोचूनही पाय हलणार नाही. म्हणून वायू बंद. शिरेतून पंपाने प्रोपोफॉल आणि फेंटानिल, आणि सैल करणारं औषध फक्त नळी घालण्यापुरतं. माणूस गाढ झोपलेला हवा, स्वतःहून हलता कामा नये, पण मेंदूच्या टोकाला टिचकी मारली तर पायाचा अंगठा उडाला पाहिजे. ही भूल जास्त दिली तर मॉनिटरच्या रेघा चपट्या होतात, कमी दिली तर पेशंट मायक्रोस्कोपखाली खोकतो. दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे आणि प्रत्येक माणसाची वेगळी.

सकाळी ८.५०

चेकलिस्ट. नाव, बाजू, पातळी, संमती, ॲलर्जी, रक्त, जनआरोग्य योजनेची मंजुरी. जागतिक आरोग्य संघटनेने ही एकोणीस कलमांची यादी २००८ साली आणली, आणि ती घडवणारे अतुल गावंदे यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं, हे सर प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगतात. रेसिडेंट मान डोलावतात आणि यादी भरभर वाचायला बघतात. आमच्या सिस्टर त्यांना भरभर वाचू देत नाहीत.

झोपवलं. नळी घातली. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजच्या मऊ गुंडाळ्या, कारण डोक्यावरून वीज सोडली की जबडा कचकन मिटतो आणि जीभ मध्ये आली तर तुटते. मनगटाच्या धमनीत सुई, लघवीची नळी. मॉनिटरिंगच्या मुलाने डोक्याच्या कातडीत पिळदार इलेक्ट्रोड बसवले, मांड्या, नडगी, पोटऱ्या, पायाचे अंगठे आणि गुदद्वाराचा स्नायू इथे सुया टोचल्या. दोन सुया हाताच्या अंगठ्याजवळ. शस्त्रक्रिया कंबरेत आणि सुया हाताला कशाला, असं नवे विद्यार्थी विचारतात. त्याचं उत्तर आज दुपारी मिळेल.

सकाळी ९.३५

पालथं करणं. ओटीतला हा माझा सगळ्यात नावडता आणि सगळ्यात महत्त्वाचा पाव तास. डोकं आणि नळी माझ्या हातात. मी 'तीन' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. मामा, मावशी, दोन रेसिडेंट, एक सर. वळला.

मग मी टेबलाखाली वाकून बघते. डोळ्यांवर दाब नाही ना? पालथ्या शस्त्रक्रियेनंतर नजर गेल्याचे प्रकार दुर्मीळ असले तरी खरे आहेत. नाक, हनुवटी, कोपर, गुडघे. आणि पोट. छातीखाली आणि ओटीपोटाच्या हाडाखाली गाद्या, मधलं पोट मोकळं लोंबतं हवं. मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. बॅटसन नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १९४० मध्ये ते दाखवून दिलं. पोट दाबलं गेलं की रक्त मागे मणक्यात तुंबतं आणि मायक्रोस्कोपखाली नुसतं लाल दिसतं. सरांना कोरडं क्षेत्र मिळालं तर ते स्वतःच्या हाताचं कौतुक करतात. करू देत.

सुरुवातीच्या रेघा घेतल्या. उजवा पाय ठणठणीत, डावी मांडी आधीच थोडी बुटकी. दिवसभर तुलना या रेघांशीच करायची.

सकाळी १०.१५

पातळी मोजणं. सी-आर्म, म्हणजे क्ष-किरणांचं फिरतं यंत्र, आत आला, सगळे शिशाच्या ॲप्रनमध्ये. खालून त्रिकास्थीपासून वर मोजत यायचं, मग शेवटच्या बरगडीपासून खाली मोजून पडताळायचं. काहींना कंबरेचे मणके पाचाऐवजी सहा असतात, काहींना चार, आणि मग मोजणी चुकून भलतंच हाड कापलं जातं. आज दोन्ही मोजण्या जुळल्या.

मणक्याच्या आवरणाआतली गाठ यशस्वीपणे काढण्याची पहिली नोंद ९ जून १८८७ ची आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथलं रुग्णालय, पेशंट सैन्यातला कॅप्टन, शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. विल्यम गॉवर्स यांनी नुसत्या तपासणीवरून, कुठवर बधिर आणि कुठून दुखतं एवढ्यावरून, गाठीची जागा सांगितली. हॉर्स्लींनी उघडलं तर गाठ नाही. आणखी वरचं हाड काढलं तेव्हा ती सापडली. तो कॅप्टन पुढे चालू लागला. या हकिकतीत मला खुपतं ते एकच : भूल कुणी दिली हे सांगायचं कुणाला सुचत नाही.

सकाळी १०.४५

छेद, स्नायू बाजूला, ड्रिल. मणक्याच्या मागच्या कमानी अखंड कापून काढल्या. शेवटी परत बसवायच्यात. या तासात माझ्या बाजूला काही घडत नाही आणि तसंच हवं.

सकाळी ११.४०

मायक्रोस्कोप आला, ओटीतले दिवे मंद झाले. मज्जारज्जूचं बाहेरचं जाड आवरण, ड्यूरा, मधोमध उघडून त्याच्या कडा रेशमी टाक्यांनी दोन्हीकडे ताणून धरल्या. पाणी वाहिलं. ते स्वच्छ पाणी, मग पातळ जाळीसारखा पडदा, आणि खाली गाठ. पिवळसर, चकचकीत, वरून बारीक लाल वाहिन्या. तिच्याभोवती पायाच्या नसा : शेवयांच्या जुडीत आवळा अडकावा तशी.

पडद्यावर बघणाऱ्याला वाटतं, आता बोटाने उचलावी. हाच मोह आवरायचा. अखंड गाठ ओढली तर तिच्यामागे चिकटलेला मज्जारज्जू ओढला जातो. आधी तिच्या पृष्ठभागावर विजेची बारीक दांडी फिरवून कुठे नस नाही ते बघायचं, तिथे चीर द्यायची, आणि क्युसा नावाच्या यंत्राने आतला गर फोडून शोषून घ्यायचा. गाठ आतून पोकळ झाली की साल आत दुमडते आणि कडेला जागा होते. एक तुकडा पॅथॉलॉजीला गेला. मायक्रोस्कोपखाली श्वानोमात पेशींची दाट आणि विरळ अशी दोन तऱ्हांची वीण दिसते. स्वीडनच्या अँटोनींनी १९२० साली त्यांना अ आणि ब म्हटलं, अजून तेच चालतं. थोड्या वेळाने फोन आला : श्वानोमाच, घातक काही दिसत नाही.

दुपारी १२.२५

गाठीच्या पाठीवर एक नस चपटी होऊन चिकटलीय. दांडी लावली, अर्ध्या मिलिअँपिअरला डाव्या मांडीचा स्नायू उडाला. म्हणजे ही कामाची नस. सर तिला सालीपासून सोडवू लागले. मॉनिटरच्या स्पीकरमधून तडतड सुरू झाली, नसेला हात लागल्याचा तो आवाज. थोडी तडतड चालते. ही लांबली.

"सर, थांबा. टेस्ट घेतो," मॉनिटरिंगचा मुलगा म्हणाला. सरांनी हात वर घेतले, पेशंटचं अंग किंचित उडालं.

"डावी मांडी वीस टक्क्यांवर."

अशा वेळी ओटीतले सगळे माझ्याकडे बघतात आणि मी माझी यादी मनात म्हणते. पंप चालू आहेत? आहेत. औषध वाढवलं होतं? नाही. सरासरी रक्तदाब ८२, तापमान ३६.१, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल शून्य. आणि हात? हाताच्या अंगठ्याची रेघ सकाळसारखीच उंच. मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे. भुलेमुळे रेघ पडली असती तर हातही पडला असता. हात शाबूत, उजवा पाय शाबूत, फक्त डावी मांडी गेली : दुखणं त्या नसेतच आहे.

"भूल नाही, सर. दाब वाढवते."

नॉरॲड्रेनॅलिन सुरू केलं, सरासरी दाब ९५ वर नेला. सरांनी ओढ सोडली, कोमट सलाइन ओतलं आणि हात छातीशी बांधून बसले. शस्त्रक्रियेत न करण्याची ही कला शिकवायला सगळ्यात कठीण. तरुण सर्जनला वाटतं, लवकर गाठ काढली की नस सुटेल. नस बऱ्याचदा नुसती दमलेली असते. रक्त मिळालं आणि कुणी छेडलं नाही तर परत बोलते.

पाच मिनिटांनी पस्तीस टक्के. आणखी सात मिनिटांनी साठ.

"चला," सर म्हणाले.

दुपारी १.१०

आता मूळ नस. गाठ चहूबाजूंनी मोकळी झाली आणि एकाच ठिकाणी, एका नसेवर टांगलेली राहिली. ती वरून गाठीत शिरते आणि खालून निघते. तिच्यातले काही धागे गाठीच्या कडेने जाताना दिसले, ते सरांनी वेगळे करून वाचवले. उरलेले धागे गाठीत विरलेत. ते कापल्याशिवाय गाठ पुरी निघत नाही, आणि थोडी मागे ठेवली तर ती सावकाश पुन्हा वाढते.

इथे बाहेरच्या माणसाला धक्का बसतो : नस कापायची? पण ज्या नसेवर गाठ वाढते तिचं काम गाठ बहुधा आधीच, वर्षानुवर्षं हळूहळू बंद पाडत आलेली असते, आणि शेजारच्या नसा तेवढ्या अवधीत तिचा वाटा उचलतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मंडळींनी १९८९ साली हा हिशेब मांडला. हात आणि पाय चालवणाऱ्या महत्त्वाच्या पातळ्यांवर मूळ नस कापलेले ३१ पेशंट, त्यांतल्या ७ जणांतच तपासून सापडेल असा उणेपणा आला. म्हणजे बाकीच्यांची नस कापली जाण्याआधीच कामावरून निघून गेली होती. पण या ७ जणांत आपला कंडक्टर नसेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला दांडी.

अर्धा मिलिअँपिअर. काही नाही. एक. काही नाही. मांडी नाही, नडगी नाही, पोटरी नाही, गुदद्वार नाही. दोनपर्यंत नेलं.

"परत," सर म्हणाले. "आणि शेजारची लावून दाखव." शेजारच्या कामाच्या नसेवर दांडी लावली, मांडी उडाली. म्हणजे दांडी चालू आहे, तारा लागलेल्या आहेत, आणि गप्प आहे ती खरोखर गप्प आहे. गप्प नसेवर विश्वास ठेवण्याआधी बोलक्या नसेला विचारून बघायचं. सरांचा हा नेम मी मोडलेला पाहिला नाही.

वर कापली, खाली कापली. गाठ भांड्यात. रेघा पुन्हा घेतल्या : डावी मांडी सत्तर टक्के, बाकी सगळं सकाळसारखं. मज्जारज्जू मधोमध यायला लागलेला पडद्यावर दिसतो.

सिस्टरनी मला हळूच विचारलं, "मॅडम, चहा सांगू?" या ओटीत चहाचं नाव निघालं म्हणजे धोक्याचा भाग संपला, असं समजायचं.

दुपारी २.००

शिवण. याला कुणी नावाजत नाही, आणि पेशंट परत येतो तो बऱ्याचदा इथल्या चुकीमुळेच. ड्यूरा पाणी धरेल अशी शिवायची असते. सहा-शून्य प्रोलिन, मायक्रोस्कोपखाली. पाणी झिरपत राहिलं तर जखम भरत नाही, डोकं दुखतं, आणि जंतू आत गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज. शिवण झाल्यावर सर म्हणाले, "दाबा." मी फुप्फुसांत हवा भरून तीस सेंटिमीटर पाण्याइतका दाब धरून ठेवला. त्याने छातीतला, मग शिरांतला, मग मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब चढतो. खालच्या कोपऱ्यात थेंब दिसला. आणखी एक टाका. पुन्हा दाबलं, कोरडं. वर फायब्रिनचा गोंद, कमानी छोट्या पट्ट्यांनी जागेवर, स्नायू, कातडी.

दुपारी ३.२५

उताणा केला. प्रोपोफॉल दिवसभर चाललेलं, उतरायला वेळ घेतं. पंचवीस मिनिटं कुणी काही बोलत नाही आणि सर उगाच फाइल चाळतात.

डोळे उघडले.

"उजवा पाय उचला." उचलला. "डावा." टाच सरकवत गुडघा वर घेतला. गुडघा सरळ करायला सांगितलं तर हाताने विरोध केल्यावर लवकर हार मानतो, सकाळपेक्षा किंचित जास्त. मॉनिटरने सत्तर टक्के म्हटलं होतं, ते हेच. दोन्ही पावलं जोरात हलतात. नळी काढली.

दुपारी ४.१५

बाहेर बायको आणि मेहुणा. बायकोने आधी गाठीचं विचारलं नाही.

"नस कापली म्हणतात, खरं का?"

ओटीच्या दारातून बातमी आमच्याआधी कशी बाहेर येते, हे मला आजवर कळलेलं नाही. सर बाकावर त्यांच्याशेजारी बसले. "ताई, गाठ ज्या नसेवर होती त्या नसेचा थोडा भाग कापला. ती काम करत नव्हती, हे तपासून मगच. पायाच्या नसा शाबूत आहेत. मांडीवर पुढच्या बाजूला बधिर वाटेल. गुडघ्याला व्यायाम लागेल."

"गाडीवर कधी जातील?"

"टाके निघू देत, पायाचा जोर बघू. मग डेपोला चिठ्ठी देतो. पहिले काही दिवस बसून करायचं काम मागा."

मेहुण्याने कपाळावर हात मारला. बसून करायचं काम डेपोत कसं मिळतं, हे आम्हाला माहीत नसावं.

संध्याकाळी ६.३०

वॉर्डातली फेरी. उद्यापर्यंत सपाट झोपायचं आहे, आणि हाच माणूस दीड वर्षात सपाट झोपलेला नाही. पाठीला टाक्यांचं दुखतंय, पण मांडीतली ती कळ नाही. तरी हात खाटेच्या कडेला घट्ट धरलेले. कळ आत्ता येईल, मग येईल, अशी वाट बघतोय. वेदनाशामक लिहिलंय तेवढंच ठेवलं. भीतीला फेंटानिल द्यायचं नसतं.

रात्री ७.४५

उद्याचा पेशंट बघून मग घरी. एकोणीस वर्षांची मुलगी, आईबरोबर आलेली. हिच्या बाविसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात दोष आहे. मणक्यात मानेपासून कंबरेपर्यंत गाठी, आणि दोन्ही कानांच्या नसांवरही. आजचा हिशेब इथे लागू पडत नाही. एक गप्प नस कापली तर शेजारच्या सांभाळून घेतात. पण हिच्या शेजारच्या नसांवरही गाठी आहेत, त्यांनाही कधीतरी कापावं लागेल. म्हणून उद्या मज्जारज्जू दाबणारी मानेतली एकच गाठ काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. चिकटून राहिलेली साल थोडी ठेवावी लागली तरी ठेवायची.

मी बोलत होते आणि ती माझ्याकडे नुसती बघत होती. आई म्हणाली, "तिला ओठ बघून कळतं हो, मॅडम." माझ्या तोंडावर मास्क.

मास्क काढून पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले, दोन्ही लेखी : केस किती कापणार, आणि जाग आल्यावर आई दिसेल का. मग फाइलवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून ठेवली : कानाचं यंत्र ओटीत आणावे, झोपेपर्यंत काढू नये. बोलणाऱ्याने मास्क खाली घेऊन, पेशंटच्या समोर उभे राहून बोलावे. उठवताना आईला रिकव्हरीत आणावे. यंत्र डबीत ठेवून डबी सिस्टरकडे द्यावी, उशीखाली नाही.